ग्रंथपरीक्षण

ग्रंथपरीक्षण म्हणजे एखाद्या पुस्तकाचा वाचकाला परिचय करून देऊन त्याच्या गुणदोषांविषयी पुस्तकातीलच पुराव्याच्या आधारे मत मांडणारा लेख. यालाच पुस्तक परीक्षण असेही म्हणतात. नाटक, चित्रपट, चित्रप्रदर्शन, संगीताची मैफल यांची परीक्षणेही थोड्याफार फरकाने याच पद्धतीने लिहिली जातात. हा लेखनप्रकार नियतकालिकांबरोबर जन्मला आणि त्यांच्याच आश्रयाने वाढला. परीक्षण मुख्यतः अशा वाचकासाठी असते की ज्याने ते पुस्तक अद्याप वाचलेले नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की परीक्षण किती लांब असावे, कथानक किती सांगावे आणि परीक्षकाने कोणती पथ्ये पाळावीत, यांविषयीच्या बहुतेक शंका आपोआप मिटतात.

संज्ञा आणि जवळचे लेखनप्रकार

मराठीत या जातीच्या लेखनासाठी अनेक शब्द रूढ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. तथापि त्यांत भेद आहे. नियतकालिकाकडे आलेल्या पुस्तकाची जी नुसती नोंद छापली जाते तिला ‘साभार पोच’ म्हणतात. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत यांपलीकडे तीत काही नसते. ‘पुस्तक परिचय’ हा पुस्तकात काय आहे ते सांगतो. ते कितपत साधले आहे याविषयी तो सहसा बोलत नाही. ‘अभिप्राय’ बहुधा लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या विनंतीवरून दिलेला असतो, त्यामुळे त्याचा सूर अनुकूल असणे स्वाभाविक आहे. त्यातील एखादे वाक्य पुढे मलपृष्ठावर झळकते.

‘रसग्रहण’ हा शब्द विद्यार्थ्यांना कवितेच्या प्रश्नामुळे परिचित असतो. कलाकृतीतील सौंदर्यस्थळे उलगडून दाखवणे हा रसग्रहणाचा हेतू असून ती कलाकृती चांगली आहे हे त्यात गृहीत धरलेले असते. परीक्षणात असे काहीच गृहीत धरता येत नाही. ‘समीक्षा’ ही वाचकाने मूळ पुस्तक वाचले आहे असे मानून चालते, शेवटासकट सर्व गोष्टींची चर्चा करते आणि पुस्तकाला वाङ्मयाच्या इतिहासात किंवा एखाद्या सिद्धान्ताच्या चौकटीत ठेवून पाहते. उत्तम परीक्षणात समीक्षेचा अंश असतो, पण त्याची पहिली बांधिलकी पुस्तकाच्या दुकानात किंवा ग्रंथालयाच्या मांडणीपाशी उभ्या असलेल्या वाचकाशी असते.

‘टीका’ या शब्दाची कथा वेगळी आहे. संस्कृतात आणि जुन्या मराठीत टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडणारे भाष्य. त्याच अर्थाने ज्ञानेश्वरीला गीतेवरील टीका म्हटले जाते. पुढे या शब्दाला दोष दाखवण्याचा अर्थ चिकटला आणि बोलीत तोच उरला. परीक्षण लिहायला बसलेला नवखा लेखक अनेकदा याच अर्थाला बळी पडतो: दोष काढले नाहीत तर आपण पुस्तक नीट वाचलेच नाही असे लोक समजतील, अशी त्याला भीती वाटते.

इतिहास

पुस्तकांची दखल घेणारे पहिले नियतकालिक म्हणून १६६५ मध्ये पॅरिस येथे निघालेल्या ‘जुर्नाल दे सावाँ’ या पत्राचा उल्लेख केला जातो. त्यात प्रामुख्याने नव्या ग्रंथांचा सारांश असे. मत देणारे, प्रसंगी झोडपून काढणारे परीक्षण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये रूढ झाले. ‘एडिंबरा रिव्ह्यू’ १८०२ मध्ये आणि त्याचे प्रतिस्पर्धी ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ १८०९ मध्ये सुरू झाले. या पत्रांच्या राजकीय बाजू ठरलेल्या होत्या आणि त्यांचा परिणाम परीक्षणांवर उघडपणे होई. कवी जॉन कीट्सच्या ‘एंडिमियन’ या १८१८ च्या काव्यावर ‘क्वार्टर्ली’ने कठोर टीका केली. तीन वर्षांनी कीट्स क्षयाने वारला, तेव्हा त्याला परीक्षणाने मारले अशी आख्यायिका पसरली. ती खरी नाही. मात्र परीक्षकाच्या शब्दाचे वजन त्या काळी किती मानले जात होते हे तिच्यावरून कळते.

मराठीत मुद्रित पुस्तकांची संख्या वाढू लागल्यावर परीक्षणाची गरज निर्माण झाली. १८६७ मध्ये सुरू झालेले ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे त्याचे पहिले संपादक. सुमारे सत्तर वर्षे चाललेल्या या मासिकाने पुस्तकांच्या परीक्षणाला नियमित जागा दिली. पुढे विनोदी लेखक आणि नाटककार म्हणून गाजलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी येथेच नाटकांची परीक्षणे लिहिली.

विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून काढले. ग्रंथाचे गुणदोष जाहीरपणे सांगणे हे ग्रंथकाराशी वैर नसून भाषेच्या वाढीला आवश्यक असे काम आहे, ही जाणीव मराठी वाचकांत रुजवण्याचे श्रेय ‘निबंधमाले’ला दिले जाते. भिडेखातर केलेल्या स्तुतीने कोणाचेच हित होत नाही, अशी चिपळूणकरांची धारणा होती आणि ती त्यांनी बाणेदारपणे अमलात आणली.

त्यांच्याच लेखनात परीक्षणाच्या एका मोठ्या दोषाचा नमुनाही सापडतो. जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणावर आणि शुद्धलेखनावर उपहासाचा भडिमार केला. फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जोतीराव आणि धोंडीबा यांच्यातील संवादाच्या रूपात तो रचलेला आहे आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना तो अर्पण केलेला आहे. हा ग्रंथ कोणासाठी लिहिला आहे, त्याला बोलीतील संवादाचे रूप का दिले आहे, महाराष्ट्रातील शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि अमेरिकेतील गुलामी यांची सांगड घालण्यामागे कोणता युक्तिवाद आहे, हे प्रश्न कोणत्याही परीक्षकापुढे प्रथम उभे राहायला हवे होते. ज्या वर्गाला शाळेची पायरी चढू दिली गेली नव्हती त्याच्याशी बोलणाऱ्या लेखकाची भाषा पंतोजीच्या छडीने मोजली गेली. ‘निबंधमाले’च्या वाचकाला फुले कसे लिहितात हे कळले, काय म्हणतात ते मात्र धड कळले नाही. ग्रंथकाराच्या मताशी विरोध असणे हा परीक्षकाचा हक्क आहे. परंतु ते मत वाचकापुढे न ठेवताच त्याचा निकाल लावणे म्हणजे आरोपीचे म्हणणे न ऐकता शिक्षा ठोठावणे होय. चिपळूणकरांची शैली आजही अभ्यासावी अशी आहे. म्हणूनच, भाषेवर एवढे प्रभुत्व असलेला माणूसही परीक्षक म्हणून कोठे चुकू शकतो, हे त्यांच्या उदाहरणावरून विद्यार्थ्यांनी समजून घेणे उपयुक्त ठरते.

पुस्तकाऐवजी लेखकाचेच परीक्षण करण्याचा प्रकार विसाव्या शतकातही थांबला नाही. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित स्त्रियांच्या मनाची घुसमट त्यात होती. हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण, पुरुष की स्त्री, कोणत्या घरची, याच शोधात वादळ उठले आणि कथांची चर्चा मागे पडली. ते टोपणनाव मालतीबाई बेडेकर यांचे होते.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘सत्यकथा’, ‘नवभारत’, ‘साधना’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ या नियतकालिकांनी परीक्षणाला स्थान दिले. वसंत दावतर यांनी १९६२ पासून चालवलेले ‘आलोचना’ हे मासिक तर समीक्षेलाच वाहिलेले होते. १९६४ मध्ये निघालेल्या ‘ललित’ मासिकाने पुस्तकांविषयीच्या वार्ता, मुलाखती आणि परीक्षणे सामान्य वाचकापर्यंत नेली. दैनिकांच्या रविवार पुरवण्या हे परीक्षणाचे आजचे सर्वांत मोठे व्यासपीठ आहे. तेथे जागा थोडी असते आणि ती दिवसेंदिवस आणखी थोडी होत आहे.

तयारी

परीक्षणासाठीचे वाचन नेहमीच्या वाचनाहून वेगळे असते. शक्य असल्यास पुस्तक दोनदा वाचावे: पहिल्यांदा साध्या वाचकाप्रमाणे, मध्ये न थांबता, दुसऱ्यांदा हाती पेन्सिल घेऊन. पहिल्या वाचनात कोठे कंटाळा आला, कोठे पुस्तक खाली ठेवावेसे वाटले नाही, कोठे मागची पाने पुन्हा चाळावी लागली, हे टिपून ठेवावे. दुसऱ्या वाचनात त्याची कारणे शोधावीत. टिपणाशेजारी पृष्ठांक लिहिण्याची सवय लावून घ्यावी. ऐन लिहिण्याच्या वेळी नेमके हवे ते पान सापडत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

प्रस्तावना, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, परिशिष्टे, सूची हे सर्व पुस्तकाचेच भाग असून तेही वाचले पाहिजेत. मात्र प्रस्तावना दुसऱ्या कोणी लिहिलेली असेल तर ती शेवटी वाचणे बरे. अनेक परीक्षणे म्हणजे प्रस्तावनेचीच दुसरी आवृत्ती असते, आणि जाणत्या वाचकाला ते लगेच ओळखू येते.

आपल्या हाती कोणती आवृत्ती आहे हेही पाहावे. हर्मन मेल्व्हिलची ‘मोबी डिक’ ही कादंबरी १८५१ मध्ये प्रथम लंडनमध्ये ‘द व्हेल’ या नावाने निघाली, तेव्हा तिच्यातून अखेरचा उपसंहार गळून गेला होता. जहाज बुडाल्यावर कथा सांगणारा खलाशी एकटा कसा वाचला याचा खुलासा त्या उपसंहारातच होता. गोष्ट सांगायला जर कोणी उरलेच नाही तर ती सांगितली कोणी, असा आक्षेप काही इंग्रज परीक्षकांनी घेतला. समोरच्या प्रतीपुरता तो रास्त होता, पण दोष कादंबरीकाराचा नव्हता. मराठीत जुन्या पुस्तकांच्या संक्षिप्त, संपादित आणि ‘विद्यार्थी’ आवृत्त्या पुष्कळ निघतात. त्यांवरून मूळ ग्रंथाविषयी मत देणे धोक्याचे असते.

पुस्तक वाचून झाल्यावर स्वतःला विचारण्याजोगे तीन प्रश्न जर्मन साहित्यिक गटे याच्या नावावर सांगितले जातात. लेखकाने काय करायचे ठरवले होते? ते करणे योग्य आणि शक्य होते का? त्याला ते कितपत साधले? या प्रश्नांचा फायदा असा की कादंबरीत इतिहास नाही, विनोदी पुस्तकात गांभीर्य नाही, बालसाहित्यात गुंतागुंत नाही, अशा भलत्याच अपेक्षा गळून पडतात. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याकडून मार्गदर्शिकेची अपेक्षा करणाऱ्या परीक्षकाने पहिलाच प्रश्न विचारलेला नसतो.

रचना

परीक्षणाच्या आरंभी किंवा अखेरीस पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, अनुवादित असल्यास अनुवादक, प्रकाशनसंस्था, आवृत्ती व वर्ष, पृष्ठसंख्या आणि किंमत ही माहिती द्यावी. पुढचा क्रम ठरलेला नाही. सुरुवातीची दोन-तीन वाक्ये पुस्तकातून उगवलेली असावीत. ‘वाचनसंस्कृती लोप पावत असताना’ किंवा ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात कोणत्याही पुस्तकाला चालते, म्हणूनच ती कोणत्याही पुस्तकाची नसते.

आशय सांगणे आवश्यक आहे, परंतु परीक्षणाचा एकतृतीयांश भाग त्याला पुरे व्हावा. विद्यार्थ्यांच्या लेखनात नेमका येथेच तोल जातो. कथानक सांगता सांगता पान भरते आणि शेवटी ‘एकंदरीत पुस्तक वाचनीय आहे’ असे एक वाक्य मताच्या नावाने उरते. याला परीक्षण म्हणता येत नाही, तो सारांश आहे.

परीक्षणाचा कणा म्हणजे विधान आणि त्याचा पुरावा. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या सर्वपरिचित पुस्तकाचे उदाहरण घेता येईल. गुरुजींनी त्याचा मोठा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्रींत ते विभागलेले आहे. ‘या पुस्तकात आईची थोरवी प्रभावीपणे मांडली आहे’ असे कोणी लिहिले तर ते खोटे नाही, पण ते आईवरील शंभर पुस्तकांना लागू पडेल. त्याऐवजी असे लिहिता येईल: या आईची शिकवण प्रवचनातून येत नाही, घरातल्या कामातून येते. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने लुगडे पसरावे असा लहान श्यामचा हट्ट असतो. आई तो पुरवते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, एवढेच सुचवते. धडा त्या ओल्या लुगड्याशी जोडलेला असल्यामुळे तो ध्यानात राहतो. आता वाचकाला एक विधान मिळाले, त्याचा आधार मिळाला आणि पटले नाही तर वाद घालायला जागाही मिळाली.

उणिवांच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. ‘पुस्तक अतिभावनाप्रधान आहे’ असे म्हणून चालणार नाही. प्रौढ श्याम आठवणीच्या आधी आणि नंतर जे चिंतन करतो ते कित्येक ठिकाणी प्रसंगाने आधीच सांगितलेले पुन्हा सांगते. किंवा, आई सर्वत्र मुलाच्या शोकाकुल आठवणीतून दिसत असल्यामुळे तिच्या स्वतःच्या इच्छा, तिचा राग, तिचा थकवा यांना फार थोडी जागा मिळते, असे दाखवता आले पाहिजे. एवढे लोकप्रिय आणि पूज्य मानले गेलेले पुस्तकही अशा प्रश्नांनी लहान होत नाही.

तुलना उपयोगी असते, परंतु ती समान गोष्टींत करावी. ऐतिहासिक कादंबरीची तुलना दुसऱ्या ऐतिहासिक कादंबरीशी करणे योग्य; ती बखरीशी ताडून ‘इतिहासाशी प्रामाणिक नाही’ एवढाच निर्णय देणे अपुरे आहे. लेखकाने कोठे स्वातंत्र्य घेतले आणि त्यातून काय मिळवले, हा खरा प्रश्न असतो. कवितासंग्रहाच्या परीक्षणात सर्व कवितांचा उडता उल्लेख करण्यापेक्षा दोन-तीन कविता निवडून त्यांत खोल जावे. अनुवादाचे परीक्षण करताना मूळ कृतीची पाच-दहा पाने तरी शेजारी ठेवून पाहावीत. मूळ भाषा येत नसल्यास तसे लिहावे आणि मग मराठी वाचताना कोठे अडखळायला होते तेवढेच सांगावे. अनुवादकाचे नाव न घेता ‘लेखकाची भाषा सहजसुंदर आहे’ असे लिहिणे ही तर विनोदी चूक आहे, आणि ती वारंवार होते.

माहितीपर आणि संशोधनपर ग्रंथांच्या बाबतीत पुरावे कोठले, संदर्भ पडताळता येतात का, नवे काय सांगितले, हे पाहावे. सूची देण्याचा मराठी प्रकाशनव्यवहाराला फार कंटाळा आहे. पाचशे पानांच्या चरित्रग्रंथात व्यक्तिनामांची सूची नसणे ही अभ्यासकाची मोठी गैरसोय असते, आणि परीक्षकाने ती नोंदवली तर पुढच्या आवृत्तीत सुधारणेची शक्यता तरी निर्माण होते.

भाषा

परीक्षणाची भाषा मोजकी, स्पष्ट आणि शांत असावी. मराठी परीक्षणांत काही शब्दप्रयोग इतके झिजले आहेत की त्यांतून अर्थ उरलेला नाही: ओघवती भाषा, चित्रमय शैली, वाचकाला खिळवून ठेवणारे कथानक, संग्राह्य पुस्तक, समर्पक मुखपृष्ठ, साहित्यात मोलाची भर. ‘ओघवती’ म्हणजे वाक्ये लहान आहेत, की बोलीतली आहेत, की प्रसंग एकमेकांतून सहज निघतात? जे असेल ते लिहावे, म्हणजे ‘ओघवती’ची गरज पडत नाही.

असाच एक ठरलेला रिवाज म्हणजे शेवटच्या परिच्छेदातील मुद्रणदोष. सबंध लेखात स्तुती केल्यावर समतोल दिसावा म्हणून ‘मुद्रितशोधनाच्या काही चुका खटकतात’ असे एक वाक्य टाकले जाते. ते निरुपद्रवी असते. लेखक रागावत नाही, प्रकाशकही रागावत नाही. खरोखरच चुका अर्थाला बाधा आणत असतील तर दोन ठिकाणे दाखवावीत, नाहीतर हे वाक्य गाळावे.

वर्गात करून पाहण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. लिहिलेल्या परीक्षणातून पुस्तकाचे, लेखकाचे आणि पात्रांची नावे झाकून ते मित्राला वाचायला द्यावे. ते पुस्तक वाचलेल्या मित्राला ते ओळखता आले नाही, तर परीक्षण पुन्हा लिहावे लागेल.

उपहास हे परीक्षकाचे सर्वांत धारदार आणि सर्वांत सोपे हत्यार आहे. वाईट पुस्तकावर मजेदार लिहिणे अवघड नसते, चांगल्या पुस्तकाविषयी नेमके लिहिणे अवघड असते. पहिलेच पुस्तक घेऊन आलेल्या लेखकावर हे हत्यार उगारताना दोनदा विचार करावा. प्रतिष्ठित लेखकाच्या सुमार पुस्तकाबद्दल मात्र मौन पाळण्याचे कारण नाही. व्यवहारात बहुधा याच्या उलट घडते.

चित्रपट परीक्षण

चित्रपट परीक्षणाला पुस्तक परीक्षणाची बहुतेक तत्त्वे लागू पडतात, पण काही अडचणी त्याच्या स्वतःच्या आहेत. पुस्तकाचे पान परत उलटता येते. चित्रपटगृहात मागे जाता येत नाही. म्हणून अंधारात दोन-चार शब्द टिपून घ्यावेत आणि बाहेर पडताच आठवणी लिहून काढाव्यात. केवळ कथा आणि अभिनय यांवर परीक्षण संपवणे हा नेहमीचा दोष आहे. छायाचित्रण, संकलन, ध्वनी, नेपथ्य, संगीत यांतून दिग्दर्शक जे सांगतो ते कथेत दिसत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात कॅमेरा बराच वेळ एका जागी स्थिर राहतो आणि खटल्याची रटाळ गती प्रेक्षकाला स्वतः भोगावी लागते. ‘चित्रपट संथ आहे’ असे लिहिणाऱ्या परीक्षकाने लक्षण टिपले, पण ते कशाचे आहे हे शोधले नाही.

शेवट किती सांगावा हा चित्रपट परीक्षणातील जुना वाद आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला. त्याचा सारा अर्थ शेवटच्या काही मिनिटांवर उभा आहे आणि त्या मिनिटांत ध्वनीचा जो वापर केला आहे, किंवा जो केलेला नाही, तो चित्रपटातील गाण्यांच्या जल्लोषाला उत्तर देतो. पहिल्या आठवड्यात लिहिणाऱ्याने हे उघड करू नये. शेवट आधीच्या भागाकडे पुन्हा पाहायला लावतो, एवढे सुचवणे त्याला शक्य असते. वर्षभराने समीक्षा लिहिणाऱ्याला त्या दृश्याशिवाय चर्चाच करता येणार नाही. परीक्षण आणि समीक्षा यांतील फरक येथे चांगला दिसतो.

साहित्यकृतीवर आधारलेल्या चित्रपटाचे परीक्षण करताना ‘पुस्तकातले सगळे आले का’ ही कसोटी निरुपयोगी आहे. आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर १९५३ मध्ये केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुस्तकात आई श्यामच्या शब्दांतून दिसते. पडद्यावर वनमाला यांचा चेहरा थेट समोर येतो, आणि प्रौढ श्यामच्या चिंतनाचे काम त्या चेहऱ्याला करावे लागते. ते तो कसे करतो, हे पाहावे. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) तर अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. तेथे काय गाळले यापेक्षा दोन कथानके कशी एकत्र गुंफली हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. चांदण्या किंवा तारे देऊन गुणांकन करण्याची पद्धत वाचकाच्या सोयीची असली तरी साडेतीन आणि चार ताऱ्यांतील अंतर शब्दांत सांगता येत नसेल तर ते आकडे नुसती शोभा होत.

परीक्षकाची पथ्ये

पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय परीक्षण लिहू नये, हे पहिले पथ्य सांगावे लागते, यावरूनच ते किती मोडले जाते याची कल्पना यावी. लेखकाशी मैत्री, नाते, वैर किंवा व्यावसायिक संबंध असल्यास परीक्षण नाकारावे, निदान तो संबंध उघड करावा. मराठी साहित्यविश्व लहान आहे आणि त्यात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. म्हणून हे पथ्य अवघड आहे, पण त्याची गरजही त्यामुळेच अधिक आहे. पुस्तकाची प्रस्तावना ज्याने लिहिली त्यानेच परीक्षणही लिहिणे उचित नव्हे.

अवतरण देताना ते अक्षरशः द्यावे आणि आजूबाजूच्या वाक्यांनी त्याला दिलेला अर्थ बदलू नये. कादंबरीतील पात्राचे मत लेखकाच्या माथी मारू नये. पुस्तकाच्या भूमिकेशी मतभेद असल्यास आधी ती भूमिका लेखकालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडावी आणि मगच खंडनाला हात घालावा. वाचक मग दोन्ही बाजू पाहून स्वतःचे मत बनवू शकतो, आणि कधी कधी ते परीक्षकाच्या विरुद्ध बनते.

परीक्षणावर परीक्षकाचे नाव असावे की नसावे, याविषयी एकेकाळी मतभेद होते. लंडनचे ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ १९०२ मध्ये सुरू झाले तेव्हापासून परीक्षणे निनावी छापत असे; १९७४ मध्ये ही प्रथा बंद झाली. निनावीपणामुळे परीक्षक निर्भयपणे लिहू शकतो, असे तिच्या बाजूने सांगितले जाई. जुने हिशेब चुकते करायलाही तोच आडोसा मिळतो, हा विरोधी युक्तिवाद शेवटी प्रभावी ठरला. लेखकाला उत्तर देण्याचा हक्क आहे, तथापि त्याने तो वस्तुस्थितीच्या चुकांपुरता वापरावा. पुस्तक न आवडल्याबद्दल परीक्षकाशी पत्रव्यवहार करून कोणाचेही पुस्तक अधिक चांगले झालेले नाही.

वाचण्याजोगी परीक्षणे

नियतकालिकातील परीक्षण अल्पायुषी असते. अंकाबरोबर तेही रद्दीत जाते. काहींना मात्र पुस्तकाचे रूप मिळाले आहे. कुसुमावती देशपांडे यांच्या ‘पासंग’ या संग्रहात संयत आणि सूक्ष्म वाचनाचा नमुना पाहावयास मिळतो. नरहर कुरुंदकर यांचे ‘धार आणि काठ’ हे पुस्तक मराठी कादंबऱ्यांविषयी असून त्यातील विधाने निर्भीड आणि सकारण आहेत. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ या संग्रहाला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील आक्रमक सूर सर्वांना रुचेल असे नाही, पण परीक्षकाला स्वतःची भूमिका असली की लेखनाला कशी धार येते हे त्यातून दिसते. चित्रपटाच्या क्षेत्रात अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक दृश्यभाषा शब्दांत कशी पकडावी यासाठी पाहावे. गुरुदत्तचे चित्रपट आधी पाहून मग ते वाचले तर अधिक कळते, आणि वाचून झाल्यावर ते चित्रपट पुन्हा पाहावेसे वाटतात.